तिसरं नाव

बाहेर चांदिवलीत छत्तीस अंश,
आत मी आईची शाल पांघरून
चोवीस नोडच्या रांगेसमोर.
परळच्या एका इस्पितळाची अकरा वर्षं इथे आहेत:
फुप्फुसं, गुडघे, अजून न जन्मलेल्यांचे ठोके.
मी त्यातलं काहीच पाहिलेलं नाही.
पाहता येऊ नये, याचाच मला पगार मिळतो.

हे सगळं आवळलं ते गोठोसकरांनी.
रूटचं खातं स्वतःच्या हातानं बंद केलं,
माडावरून उतरता उतरता
एकेक खाच बुजवत यावं, तसं.
पासवर्डाचे दोन तुकडे, दोन पाकिटं, लाखेचं सील.
एक लेखा विभागाच्या तिजोरीत,
दुसरं कुठे ते मला ठाऊक नाही,
आणि ठाऊक नसणं हाही माझ्या हुद्द्याचाच भाग.
घड्याळसुद्धा असं बसवलं की पुढे सरकवता येत नाही:
२०३३ च्या आत एक फाइल पुसायची म्हटली
तर ब्रह्मदेवाचाही अर्ज नामंजूर.

मार्चात त्यांनी राजीनामा दिला.
पेढे वाटले. कार्ड परत केलं.

काल रात्री पावणेतीनला फोन.
"अगं, यादीत माझं नाव अजून आहे.
काढ मला. झोप लागत नाही."

मी म्हटलं, सर, नियम तुमचाच.
एकाला आत घ्यायचं किंवा बाहेर काढायचं तर दोघांची संमती,
आणि यादी तिघांच्या खाली जात नाही.
एक मी. एक तुम्ही.
एक जॅसिंता डाबरे, वसईच्या प्रसूतिगृहात, कालच मोकळी झालेली.
आधी चौथं नाव हवं.
तुम्ही एक संमती देता का, म्हणजे आत्ताच—
"नाही. गेलेल्या माणसाची सही घेऊ नये."
मग बराच वेळ त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज.

चौथं कोण?
साहेब म्हणाले असते, मला घाला.
साहेबांना पाटीवर, पत्रिकेवर, केकवरही नाव लागतं.
म्हणून साहेब नकोत.

नाझनीन सोलकर. तेवीस वर्षांची, कुर्ल्याची,
रात्रपाळीला. रिकाम्या खोलीतही
टकटक करून शिरते.
एकदा माझा पडदा उघडा राहिला होता, मी खाली चहाला.
ती पाठ फिरवून उभी राहिली,
मी येईपर्यंत, वीस मिनिटं,
भिंतीवरचं अग्निशमनाचं पत्रक वाचत.
तिला ते अजून पाठ आहे.

मी तिचं नाव टाकलं आणि वाट पाहिली.
पाच वाजून दहा मिनिटांनी वसईहून 'मान्य' आलं,
मागोमाग निरोप:
मुलगी झोपत नाही, मीही नाही. दिली संमती.
आता मला आठवडाभर विचारू नकोस.

मग मी गोठोसकरांचं नाव काढायला टाकलं.
नाझनीनची पहिलीच संमती.
बोट बटणाजवळ नेऊन ती थांबली.
"हे कोण, मॅडम?"
हे कुलूप ज्यांनी घडवलं ते.
"आणि त्यांनाच बाहेर?"
मी शाल सारखी केली.
तिनं ओळ पुन्हा वाचली, स्पेलिंगसकट,
घाई नाही, भक्तिभावही नाही.
दाबलं.

पंखे होते तसेच घुमत राहिले.
एक ओळ यादीतून गेली
आणि नोंदवहीत कायमची राहिली:
कुणी, कुणाला, किती वाजता.

गोठोसकरांना कळवलं. झालं.
त्यांचं उत्तर सकाळी सातला: "झोपलो होतो."

मी पुन्हा यादीकडे पाहिलं.
तीन नावं. सगळ्यात वर माझं.
म्हणजे आता या दोघी मिळून,
एक नवी आणून, मला काढू शकतात.
हे लक्षात आलं आणि का कुणास ठाऊक,
कडकडून भूक लागली.
साकीविहार रोडवर उसळपाव खाल्ला, दोघींनी.
सुटे पैसे नाझनीनकडे होते.